पेण–रोह्याचे कातकरी आणि मराठी मुलखातले मानवशास्त्र

कातकऱ्यांवरच्या छापील लेखनातला एक अगदी जुना निबंध १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. लेखक होते स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन. ते १८२९ पासून मुंबईत होते आणि उत्तर कोकणातल्या वारली व काथोडी या दोन रानवासी जमातींची माहिती त्यांनी या निबंधात दिली. काथोडी किंवा कातकरी हे नाव कातावरून आले. खैराच्या झाडाचा गाभा चिरून त्याचे तुकडे उकळायचे, अर्क आटवून घट्ट करायचा आणि वड्या पाडून विकायच्या, हा त्यांचा धंदा. विड्यातला कात देशभर जात असे. तो करणारी माणसे मात्र पेण, रोहे, सुधागड, कर्जत, खालापूर या भागांतल्या डोंगरउतारांवर, गावकुसापासून दूर वाडी करून राहत.

भारतात मानवशास्त्र कसे रुजले हे पाहताना कलकत्ता, रांची, मुंबई, पुणे ही शहरे समोर येतात, कारण संस्था तिथे उभ्या राहिल्या. पण विद्येला लागणारा कच्चा माल अशाच वाड्यांवरून गेला. पेण आणि रोहे या दोन तालुक्यांतले लोक गेली पावणेदोनशे वर्षे कुणी ना कुणी लिहीत आले आहे. त्यांना विचारलेले प्रश्न मात्र दर पिढीला बदलत गेले.

पहिले प्रश्न सरकारचे होते. जमीन कुणाची, सारा किती, गावात कोण कोण राहते, त्यांच्यात वाद झाला तर कोणता रिवाज लागू करायचा, हे कळल्याशिवाय नव्या राज्यकर्त्यांना कारभार हाकता येत नव्हता. पेशवाई बुडाल्यानंतर लगेचच टॉमस कोट्स या डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाचे तपशीलवार वर्णन लिहिले. घरे, अवजारे, कर्जे, जेवणखाण असे सगळे त्यात होते. १८२३ मध्ये ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापले गेले. एका गावाचा इतका बारीक अभ्यास त्या काळी युरोपातही सहज आढळत नव्हता. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. कुलाबा व जंजिरा यांचा अकरावा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबाच होते.

या खंडातला लोकांविषयीचा भाग आजही वाचावा असा आहे. ब्राह्मणांपासून सुरुवात करून एकेका जातीची संख्या, पोटभेद, घर, पेहराव, अन्न, लग्नाचे आणि मर्तिकाचे विधी ओळीने दिले आहेत. खारेपाटातले आगरी आणि त्यांचे मिठागरांवर राबणारे पोटभेद, किनाऱ्याचे कोळी, डोंगरातले ठाकूर, आणि सोन व ढोर अशा भेदांसह कातकरी, अशी सगळी माणसे त्यात आहेत. मजकूर भरपूर आणि बव्हंशी डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्याचे दोष मात्र मोठे आहेत. माणसांची वर्णने जनावरांच्या जातींसारखी केली आहेत, आणि अख्ख्या जमातीच्या स्वभावावर दोन-चार विशेषणांत शेरा मारून लेखक पुढे गेला आहे. कातकऱ्यांच्या वाट्याला आलेले शेरे विशेष कडू आहेत. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल राखीव होत गेले, खैर तोडण्यावर बंधने आली आणि काताचा धंदा त्यांच्या हातून सुटू लागला. कातकरी मोळ्या विकू लागला, कोळसा पाडू लागला, दुसऱ्याच्या शेतावर राबू लागला. ही पडझड घडत असतानाच तिच्या परिणामांना जमातीचा स्वभाव म्हणून नोंदवले गेले. जुन्या मानवशास्त्राची ही सर्वांत महागात पडलेली चूक म्हणावी लागेल.

मुंबईत १८८६ साली अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. या विषयाला वाहिलेली देशातली ही पहिली संस्था. पुढाकार एडवर्ड टायरेल लीथ यांचा होता. संस्थेचे नियतकालिक त्याच वर्षी सुरू झाले आणि त्यात साहेबांबरोबर पारशी व हिंदू सभासदही लिहू लागले. जीवनजी जमशेदजी मोदी यांनी तर आयुष्याची कितीतरी वर्षे या संस्थेला दिली. व्रते, नवस, भुतेखेते, ताईत, खेळ, म्हणी असे घरातलेच विषय अभ्यासाचे होऊ शकतात, ही जाण इथल्या शिकलेल्या वर्गाला या सभांतून आली.

खुद्द जिल्ह्यात हे काम कुणी केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करायला घेतल्या होत्या. १९०९ च्या डिसेंबरात त्यांची हत्या झाली. जमवलेली सामग्री आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली, आणि कोकणाचा भाग १९१५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. पावसासाठी काय करतात, ग्रहणात काय पाळतात, वेताळाची फेरी कधी निघते, कुठल्या झाडावर कोण राहते अशा शेकडो नोंदी त्यात आहेत. त्या पाठवणारे बहुतेक जण गावोगावचे मराठी शाळामास्तर होते. तळटिपेत मास्तराचे नाव क्वचितच सापडते. शाळामास्तर, मग गाव, मग जिल्हा कुलाबा, एवढेच. पंधरा-वीस रुपड्यांच्या नोकरीत, शाळा सुटल्यावर म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून कागद भरणारे हे लोक म्हणजे कोकणातले पहिले क्षेत्रसंशोधक होत. त्यांना तसे कुणी म्हटले नाही, ही त्या शास्त्राच्या इतिहासातली उणीव आहे. दक्षिणेत कोचीन संस्थानात एल. के. अनंतकृष्ण अय्यर हेही शिक्षकच होते. पण त्यांच्यावर लोकजीवनाच्या पाहणीचे काम सोपवले गेले, ग्रंथ त्यांच्या नावावर निघाले आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात हा विषय शिकवण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. कुलाब्याच्या मास्तरांना ती वाट मिळाली नाही.

त्याच काळात मोजमापाचे वेडही आले. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिझली यांनी नाकाची रुंदी आणि जातीची उतरंड यांचा संबंध जोडला. नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खाली, असे त्यांचे मत. जनगणनेबरोबर देशभर लोकजीवनाची पाहणी सुरू झाली. मुंबई इलाख्यात ती एन्थोवेन यांच्याकडे होती आणि त्यातून १९२० ते १९२२ या काळात इलाख्यातल्या जातीजमातींचे तीन खंड निघाले. गॅझेटियरमधला बराच मजकूर त्यांत पुन्हा आला. ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ चा. त्यात कातकऱ्यांची बोलीही नमुन्यानिशी नोंदली गेली. नाक मोजून जे हाती आले त्यापेक्षा बोलीच्या त्या चार पानांची किंमत आज कितीतरी जास्त आहे.

कुलाब्यातलाच एक समाज मात्र दुसऱ्याने लिहिण्याची वाट पाहत बसला नाही. अलिबाग, पेण, रोहे, रेवदंडा या पट्ट्यात बेने इस्राएल शतकानुशतके राहत होते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली हे नाव दिले. राहत्या गावावरून त्यांची आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, अशी त्यांची परंपरा सांगते. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा सविस्तर इतिहास लिहून १८९७ मध्ये पुरा केला. सण, विधी, खाणे, लग्नगीते, मराठीतून चालणारी कीर्तने हे सगळे त्यात आले. हे लेखन १९३७ साली तेल अवीवला छापले गेले, तोवर किहीमकर हयात नव्हते. स्वतःच्या माणसांविषयी आतून लिहिलेला असा ग्रंथ त्या काळी देशातही विरळा.

या लेखनाला पुढे अनपेक्षित वजन आले. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. १९६० नंतरच्या वर्षांत तिथल्या धर्मपीठाने त्यांच्याशी इतर ज्यूंनी लग्न करावे की नाही याविषयी शंका काढली. समाजाने रस्त्यावर उतरून दाद मागितली आणि १९६४ मध्ये प्रश्न त्यांच्या बाजूने सुटला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा ठळकपणे आढळल्या. एखाद्या समूहाचे मूळ शोधणे हे पंडितांचे निरुपद्रवी काम वाटते. पेण-रोह्याहून गेलेल्या कुटुंबांना त्याच्या उत्तरावर आपल्या मुलांची लग्ने अवलंबून असलेली दिसली.

विद्यापीठात हा विषय आला तो दोन वाटांनी. कलकत्त्यात १९२० च्या सुमारास मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९२१ मध्ये शरच्चंद्र रॉय यांनी रांचीहून ‘मॅन इन इंडिया’ सुरू केले. मुंबईत मात्र १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्याकडे विभाग आला तो समाजशास्त्राचा, आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो चालवला. मालवणचे घुर्ये केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचे विद्यार्थी. निलगिरीतल्या तोडांमध्ये राहून रिव्हर्स यांनी घरोघरच्या वंशावळी लिहून घेतल्या होत्या. कोण कुणाचा कोण हे नावानिशी विचारत गेले की लग्नाचे नियम, वारसा, स्थलांतर असे सगळे आपोआप उलगडते, ही त्यांची पद्धत. घुर्ये यांनी ती मुंबईत आणली. त्यामुळे महाराष्ट्रात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांच्यात कुंपण फारसे राहिले नाही, आणि ते चांगलेच झाले. जातीचा आणि जमातीचा विचार इथे एकाच वर्गात होऊ शकला.

जातीविषयी त्याआधीच दोन मराठी माणसे अमेरिकेत लिहून गेली होती. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरचा ग्रंथ १९०९ चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर, आणि ते बंधन स्त्रियांच्या देहावर लादून पाळले जाते, ही त्याची मांडणी. रिझलींनी नाके मोजली होती, पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने प्रश्नच बदलला. मराठीतही हा विचार घरच्या भाषेत चालू होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये आला, तर नारायण गोविंद चापेकर यांचा बदलापूरवरचा ग्रंथ १९३३ मध्ये. पेण-रोह्याच्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यातल्या एका गावाची जमीन, पिके, भांडी, शब्द, जाती यांची इतकी प्रेमाने केलेली नोंद पुन्हा झालेली नाही.

घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात रिझलींचे आकडे पुन्हा तपासले आणि नाकाचा सिद्धान्त देशभर लागू पडत नाही हे दाखवले. १९३४ मध्ये ए. एन. वेलिंग यांचे कातकऱ्यांवरचे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. केवळ या एका जमातीला वाहिलेला तो समाजशास्त्रीय अभ्यास होता, आणि गॅझेटियरच्या यादीत चार परिच्छेदांत उरकलेली माणसे तिथे प्रथमच पुस्तकभर जागा मिळवून बसली. ठाकुरांवरचा एल. एन. चापेकर यांचा ग्रंथ १९६० चा. त्यात ‘क’ आणि ‘म’ ठाकूर यांच्यातला भेद, त्यांची गाणी, नाच आणि शेती यांचा विचार आहे.

१९४३ मध्ये एक मोठा वाद जाहीर झाला. मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांचे म्हणणे असे की, सावकार, ठेकेदार आणि मध्यस्थ यांच्यापासून आदिवासींना वाचवायचे तर त्यांचा मुलूख राखला पाहिजे. घुर्ये यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले आणि शेजारच्या समाजात त्यांनी मिसळणे हीच वाट सांगितली. कुलाब्यातला कातकरी या दोन्ही सूत्रांत बसत नव्हता. तो आधीपासूनच गावाच्या वेशीवर होता, आगऱ्या-कुणब्यांच्या बांधावर राबत होता, मराठी बोलत होता. पण या मिसळण्यातून त्याला जमीन मिळाली नाही, उधारी मिळाली. दोन्ही पंडितांच्या मांडणीतली ही पोकळी पेण-रोह्यात आल्यावर स्पष्ट दिसते. कातकरी अशा सूत्रांत न बसण्याचे व्यवहारी परिणाम या वादाआधीपासूनच होत होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली जे भाग अंशतः वगळलेले ठरले, आणि ज्यांची पाहणी करून डी. सिमिंग्टन यांनी १९३९ मध्ये अहवाल दिला, त्यांत ठाण्याचे काही तालुके होते, कुलाब्याचा एकही नव्हता. स्वातंत्र्यानंतर पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रातही हा जिल्हा आला नाही. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेणला आहे, पण अनुसूचित क्षेत्राचे जमीनविषयक संरक्षण इथल्या वाडीला नाही.

मोजमापाच्या शास्त्राला आतून उत्तर दिले ते इरावती कर्वे यांनी. घुर्ये यांच्याकडे चित्पावनांवर काम करून त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते ऑयगेन फिशर. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध असेल अशी त्यांची अपेक्षा. कर्वे यांनी मापे घेतली आणि तसा संबंध सापडत नाही असे लिहून टाकले. परक्या देशात, त्या वातावरणात, पंचविशीच्या आत हे लिहायला किती बळ लागले असेल! १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी जे उभे केले ते या विद्येचे मराठी घर होते. त्यांनी महाराष्ट्रभर फिरून शरीरमापे घेतली, नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ मध्ये काढला, आणि एकाच नावाच्या जाती, उदाहरणार्थ वेगवेगळे कुंभार, एकाच मूळ समूहाच्या फुटून झालेल्या शाखा नाहीत असा निष्कर्ष मांडला. शिवाय १९५१ मध्ये ‘मराठी लोकांची संस्कृती’ लिहून हा विषय सामान्य वाचकाच्या हाती दिला. शेवटच्या वर्षांत जय निंबकर यांच्याबरोबर त्यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. उगम आणि वंश यांपासून विस्थापनापर्यंतचा शास्त्राचा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात पाहायला मिळतो तो असा.

मराठीत या विद्येला बराच काळ मानववंशशास्त्र म्हणत, आजही कुठे कुठे म्हणतात. वंशाची कल्पनाच ढासळल्यावर मधला शब्द गळला आणि मानवशास्त्र रूढ झाले. हा बदल योग्यच आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारलाही या शास्त्राची गरज वाटली. १९४५ मध्ये भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झाले होते. राज्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ मध्ये पुण्यात निघाली आणि तिथून डॉ. गोविंद गारे यांनी आदिवासींविषयी मराठीत विपुल लिहिले. ते स्वतः आदिवासी समाजातले होते. १९७५ च्या सुमारास केंद्राने आदिम जमातींची यादी केली. महाराष्ट्रातून कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्यात आले. शेतीपूर्व तंत्र, अत्यल्प साक्षरता, खुंटलेली लोकसंख्या असे निकष होते. पेणजवळच्या वीटभट्टीवर विटा थापणारा, दिवाळीनंतर उचल घेऊन कोळसाभट्टीसाठी परमुलखात जाणारा आणि आगोटीला परतणारा मजूर आदिम कसा, याचे उत्तर त्या शब्दात नव्हते. त्याचे दारिद्र्य शहराच्या बांधकामाशी आणि इंधनाच्या बाजाराशी बांधलेले होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले कातकरी सुमारे २ लाख ८५ हजार भरले. त्यांतले बरेचसे रायगड आणि त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातले.

अलीकडच्या अभ्यासांनी विधींपेक्षा वाडीखालच्या जमिनीकडे लक्ष वळवले. कितीतरी कातकरीवाड्या खाजगी मालकीच्या जागेवर उभ्या आहेत. पूर्वी मालकाला मजूर हवा होता म्हणून त्याने वस्ती बसू दिली. मुंबई जवळ आली, जमिनीला भाव आला, तेव्हा तीच वस्ती नकोशी झाली. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी स्थानिक कार्यकर्त्यांसह केलेला, २०१३ मध्ये ग्रंथरूपाने आलेला अभ्यास नेमका याच प्रश्नावर आहे. वाडीतल्या लोकांनीच आपली घरे मोजायची, नकाशा काढायचा, गावठाणासाठी कागद जुळवायचे, अशी त्याची रीत. शेताचा प्रश्न दळीचा आहे. इंग्रजी अमलात जंगलातले उतारावरचे तुकडे कातकरी-ठाकरांच्या गटांना राब भाजून नाचणी-वरी करायला दिले गेले, त्यांना दळी म्हणतात. कसणारे पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले, मालकी मात्र नावावर झाली नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने अशा जमिनींवरचे दावे दाखल करता येऊ लागले. त्याखालच्या २००८ च्या नियमांपैकी तेराव्या नियमात कोणता पुरावा चालेल ते सांगितले आहे: गॅझेटियर, जनगणना, मानववैज्ञानिक सर्वेक्षणासारख्या संस्थांचे अभ्यास, पूर्वजांपर्यंत पोहोचणारी वंशावळ, आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवलेला जबाब. ग्रामसभेने यांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे असतात. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमधले उतारे आणि वाडीतल्या म्हाताऱ्याने सांगितलेली चार पिढ्यांची नावे आता एकाच अर्जाला जोडता येतात.